मुंबईत मुक्काम कोठे करावा?

'मुकाम' आणि 'मुसाफिर' हे शब्द तुम्ही उर्दूत नेहमी वाचता. मराठीतही ते आहेत. पत्त्यात आपण 'मु. पो.' लिहितो. त्यातील 'मु.' म्हणजे मुक्काम.

समजा, तुमच्या आजीला उपचारासाठी मुंबईला परळच्या रुग्णालयात न्यायचे आहे. तुमची गाडी सकाळी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला पोहोचते. उपचारांना पंधरा दिवस लागणार आहेत. मग राहायचे कोठे?

स्टेशनातून बाहेर पडताच फोर्ट हा भाग लागतो. फोर्ट म्हणजे किल्ला. इंग्रजांनी बांधलेला किल्ल्याचा तट 1860 नंतर पाडण्यात आला. नाव मात्र राहिले. येथे रिझर्व्ह बँक, मुंबई उच्च न्यायालय, 1875 साली स्थापन झालेला शेअर बाजार आणि असंख्य कचेऱ्या आहेत. हुतात्मा चौकही येथेच आहे. सकाळी लोकलमधून माणसांचे लोंढे येथे उतरतात. संध्याकाळी ते परत जातात आणि रात्री रस्ते सामसूम होतात. हा भाग कामाचा आहे. येथील हॉटेलांचे भाडे सामान्य माणसाला परवडत नाही.

पण मुंबईत गरीब माणूस नेहमीच येत राहिला. त्याने आपली सोय कशी केली? कोकणातून आणि घाटावरून आलेले गिरणी कामगार परळ, लालबाग येथील चाळींत राहत. एकाच गावची माणसे मिळून एक खोली घेत. दिवसपाळीचा कामगार कामावर गेला, की रात्रपाळीचा तेथे झोपे. जेवण खानावळीत असे. अनेक खानावळी कामगार वस्तीतील स्त्रियाच चालवत. या स्त्रियांसाठी प्रेमाताई पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले. 1982 च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. आज त्यांच्या जागी उंच इमारती आणि कचेऱ्या दिसतात.

प्रवाशांसाठी दानशूर लोकांनीही सोय केली. क्रॉफर्ड मार्केटजवळ हाजी साबू सिद्दीक मुसाफिरखाना आहे. पूर्वी हजला जाणारे लोक मुंबईहून जहाजाने जात. जहाज सुटेपर्यंत त्यांना निवारा हवा असे. 1995 नंतर जहाजे बंद झाली व यात्रेकरू विमानाने जाऊ लागले. दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे. परळच्या रुग्णालयांत येणारे रोगी व त्यांचे नातेवाईक तेथे अल्प दरात राहू शकतात. स्वतः झोपडीत राहणाऱ्या गाडगेबाबांनी लोकांसाठी धर्मशाळा बांधल्या, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

आता तुमच्या मुक्कामाचा विचार करू. परळला जायचे असेल तर फोर्टमध्ये खोली शोधू नका. परळ किंवा दादरजवळ शोधा. दादरला मध्य आणि पश्चिम या दोन्ही रेल्वेमार्गांच्या गाड्या थांबतात. घरून निघण्यापूर्वी जागेची चौकशी करा. ओळखपत्र आणि रुग्णालयाचे कागद जवळ ठेवा. स्टेशनवर भेटणाऱ्या अनोळखी दलालामागे जाऊ नका. रुग्णालयातील समाजसेवा विभागात विचारा. तेथील लोक धर्मशाळांची माहिती देतात.

तरीही सर्वांना जागा मिळत नाही. परळच्या रुग्णालयांबाहेर आजही अनेक कुटुंबे पदपथावर रात्र काढतात. त्यांच्याजवळून जाताना तोंड फिरवू नका. ती भिकारी नाहीत. आपल्या माणसाला बरे करण्यासाठी दूरवरून आलेली मुसाफिर आहेत. उद्या तुम्ही कमावते व्हाल, तेव्हा अशा एखाद्या मुसाफिराच्या मुक्कामाची सोय करा.

शब्दार्थ
तट – किल्ल्याची भिंत
सामसूम – शांत, निर्मनुष्य
अल्प – थोडे
निवारा – आसरा

स्वाध्याय
1. फोर्ट हे नाव कशावरून पडले?
2. गिरणी कामगारांना एकच खोली कशी पुरत असे?
3. तुमच्या गावात आलेला परका रोगी कोठे राहू शकेल? चौकशी करून पाच ओळी लिहा.