मोटारीचा पुढचा आस आणि पान्याचा जोर



उसाच्या लागणीवर आणि खोडव्यावर लिहिणाऱ्या आम्ही नट-बोल्टांवर का लिहावे, असे कुणी विचारील. कारण साधे आहे. आता बऱ्याच सभासदांच्या दारात मोटार किंवा पिकअप उभी असते, आणि ब्रेकचे पॅड, बॉल जॉइंट, टाय रॉडचे टोक असली कामे पुष्कळजण गोठ्यापुढच्या अंगणात घरीच करतात. हौस चांगली, पैसेही वाचतात. पण गळीत हंगामात पैठण, गंगापूरकडच्या रस्त्यांवर रात्री ट्रॉल्यांची रांग असते. तिथे पुढचे चाक डगमगले तर सावरायला जागा मिळत नाही.

घरच्या कामात बहुधा चूक होते ती आवळण्यात. "गच्च आवळलाय" हे काही माप नव्हे. तरण्या गड्याचा गच्च वेगळा, म्हाताऱ्याचा वेगळा. बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव कशी चढवत, हे जुन्या मंडळींना ठाऊक आहे. धाव तापवून चढवायची. गार होताना ती आकसते आणि त्या ताणाने आरे-पाट्या एकजीव धरते. बोल्टाचेही तसेच आहे. नट फिरला की बोल्ट किंचित ताणला जातो आणि त्या ताणाने दोन भाग एकमेकांवर दाबून धरले जातात. ताण कमी पडला तर भाग हलतात, नट सैल होतो. ताण जास्त झाला तर बोल्ट कायमचा लांबतो, आटे जातात, आणि मग तो कधी तुटेल याचा नेम नाही. पान्याला चार फुटी पाइप लावून उड्या मारणारा माणूस गाडी मजबूत करीत नसतो.

हा जोर न्यूटन-मीटर किंवा किलोग्रॅम-मीटरमध्ये मोजतात. ९.८ न्यूटन-मीटर म्हणजे १ किलोग्रॅम-मीटर. एक मीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला एक किलोचा ओढा, इतकाच त्याचा अर्थ. शेंद्र्याला २००१ साली स्कोडाचा कारखाना सुरू झाला, वाळूजला बजाजचा १९८५ पासून आहे. अशा कारखान्यांत कामाचा बोल्ट ठरल्या जोरानेच आवळतात. आपण अंगणात तेच करायचे.

टॉर्क पाना घ्यावा हे उत्तम. तो नसेल तर कापूस तोलायचा ताणकाटा घ्या. नटाच्या मध्यापासून बरोबर ५० सेंटिमीटरवर पान्याला काटा अडकवा आणि पान्याशी काटकोनात ओढा. काट्यावर २० किलो दिसले की झाला १० किलोग्रॅम-मीटर जोर. काट्याचा शून्य आधी पाहून घ्या. तिरपे ओढाल तर हिशेब चुकलाच.

लहान मोटारींच्या चाकाचे नट साधारण ८.५ ते ११ किलोग्रॅम-मीटरने आवळतात. ८.८ शिक्का असलेला ८ मिलिमीटरचा बोल्ट मात्र सुमारे २.५ मध्येच भरतो, १० मिलिमीटरचा ५ च्या आसपास. म्हणून ब्रेक कॅलिपरच्या सरकत्या पिनेचा लहान बोल्ट आणि ब्रॅकेटचा मोठा बोल्ट एकाच हाताने आवळू नयेत. हे आकडे अंदाजासाठी. तुमच्या गाडीचा खरा आकडा तिच्या सर्व्हिस पुस्तकातच पाहावा. गावातल्या गाडीवाल्याला विचारून चालवू नये. आणखी एक. पान्याचा बहुतेक जोर घर्षणातच जातो, साधारण दहावा हिस्साच बोल्ट ताणायला उरतो. आट्यांना ऑइल-ग्रीस लागले की घर्षण घटते आणि त्याच आकड्याला बोल्ट जास्त ताणला जातो. चाकाचे आटे तारेच्या ब्रशने घासावेत, पुस्तकात सांगितले नसेल तर कोरडेच ठेवावेत.

गाडी उचलण्याआधी नट अर्धा फेरा ढिले करा. काळ्या मातीत जॅक रुततो, खाली जाड फळी हवी. मागच्या चाकांना दगड लावा. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कुणीही शिरू नये, घोडी लावलीच पाहिजे. मुलांना तर जवळ फिरकू देऊ नका. चाक बसवताना नटाची निमुळती बाजू आत, आणि आवळणे समोरासमोर: चार नट असतील तर एकासमोरचा दुसरा, पाच असतील तर एक सोडून एक. आधी निम्म्या जोराने सगळे, मग गाडी खाली उतरवून पूर्ण.

बॉल जॉइंट आणि टाय रॉडच्या खाचेच्या नटाला स्प्लिट पिन असते. ठरलेला जोर दिल्यावर भोक जुळले नाही, तर नट थोडा पुढेच न्यायचा. मागे फिरवून पिन घालणारे आम्ही पाहिले आहेत. तो जोर मग कागदावरच राहतो. ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकाच्या निमुळत्या रोलर बेअरिंगला हा नियम लावू नका बरं का! तिथे चाक फिरवत नट आवळायचा, मग किंचित मागे घेऊन पिन घालायची. चाक मोकळे फिरले पाहिजे आणि खेळही नको. उलट पुढच्या चाकांनी ओढणाऱ्या मोटारीत ड्राइव्ह शाफ्टचा मोठा नट चाकाच्या नटापेक्षा पुष्कळ जास्त जोर मागतो. तो ठोकून अडकवायचा असेल तर दर वेळी नवा घालावा. रबरी बुशाचे बोल्ट गाडीचा भार चाकांवर आल्यावरच शेवटचे आवळायचे. लोंबत्या चाकावर आवळले तर रबर पिळलेले राहून लवकर फाटते.

चाक पुन्हा बसवल्यावर ५० ते १०० किलोमीटरनंतर नट परत तपासावेत. पैठणहून छत्रपती संभाजीनगरला पोहोचलात की अंतर झालेच. चाके गार होऊ द्या आणि पाना लावा. टाय रॉड उघडला असेल तर त्याच फेरीत अलाइनमेंट करून घ्या. आणि टक्-आवाजाचा टॉर्क पाना काम झाल्यावर सर्वांत कमी आकड्यावर आणून पेटीत ठेवा, नाहीतर त्याची स्प्रिंग मरते.