जगाचा जागल्या कोणीं नेमावा ?



ज्यांनीं जुनीं खेडीं पाहिलीं आहेत त्यांस गांवचा जागल्या ठाऊक असेल. रात्रीं हातांत काठी घेऊन तो गांवाची राखण करी. त्याच्या अंगांत बळ असे, परंतु त्याचा अधिकार त्या बळांतून आलेला नसे. गांवानें त्यास नेमलेलें असे, त्याचें बलुतें गांव देई, आणि चोरी झाली तर त्याचा जाबहि गांवच त्याला विचारी. त्याच्याहून दांडगे लोक गांवांत असत. पण केवळ दांडगा आहे म्हणून कोणास कोणी जागल्या म्हणत नसे. आज ज्या प्रश्नाचा आपणांस विचार करावयाचा आहे त्याच्या मुळाशीं हाच भेद आहे. अणुबाँब नव्या नव्या राष्ट्रांच्या हातीं पडूं नये, हें बहुतेकांस मान्य आहे. पण तें थांबविण्याचें काम एखाद्या बलाढ्य राष्ट्रानें आपण होऊन अंगावर घ्यावें काय ?

प्रथम वस्तुस्थिति समजून घेऊं. खाणींतून निघणाऱ्या युरेनियमच्या हजार भागांत सहज फुटणाऱ्या जातीचे अवघे सात भाग असतात. वीज उत्पन्न करणाऱ्या अणुभट्टीस हें प्रमाण सामान्यतः शेंकडा तीन ते पांचपर्यंत वाढवावें लागतें. बाँबसाठीं तें शेंकडा नव्वदच्या आसपास न्यावें लागतें. हीं दोन्ही कामें एकाच जातीच्या यंत्रांनीं होतात. अतिवेगानें फिरणाऱ्या उभ्या नळकांड्यांत युरेनियमचा वायु सोडून त्यांतील हलका भाग जड भागापासून वेगळा करावयाचा, हीच ती कृति. त्यांतहि भीतीची गोष्ट अशी कीं, शेंकडा पांचपर्यंत पोंचण्यांतच बहुतेक श्रम खर्ची पडतात. पुढचा रस्ता त्या मानानें थोडा असतो. म्हणजे वीजघराचें इंधन करणारा कारखाना आणि बाँबचा मालमसाला करणारा कारखाना यांतील भेद यंत्रांत फारसा नसून चालविणाऱ्याच्या हेतूंत असतो. हेतु कांहीं विमानांतून दिसत नाहीं. तो ओळखावयास आंत जाऊन मोजमाप करणारा, मोहरा लावणारा तपासणीसच पाहिजे. एवढी गोष्ट श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावी. पुढील सर्व विवेचन तिच्यावर उभें आहे.

हा विचार बाँबच्या जन्माबरोबरच सुरू झाला. १९४५ च्या ऑगस्टमध्यें हिरोशिमा व नागासाकी हीं शहरें बेचिराख झालीं. पुढच्याच वर्षीं, १४ जून १९४६ रोजीं, अमेरिकेचे प्रतिनिधि बर्नार्ड बारूक यांनीं संयुक्त राष्ट्रांपुढें एक योजना मांडली. अणुशक्तीचे सर्व धोक्याचे उद्योग एका आंतरराष्ट्रीय संस्थेच्या हातीं द्यावे, आणि ती व्यवस्था पक्की झाली म्हणजे अमेरिका आपले बाँब टाकून देईल, असा तिचा आशय होता. रशिया म्हणाला, आधीं बाँब नष्ट करा, मग तपासणीचें पाहूं. आधीं कोणीं सोडावें या वादांत ती योजना बुडाली. १९४९ सालीं रशियानें स्वतःचा बाँब उडविला. मागोमाग ब्रिटन, फ्रान्स व चीन आले. १९६३ मध्यें अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांनीं उघड भीति व्यक्त केली कीं, पुढील दशकांत पंधरा, वीस किंवा पंचवीस राष्ट्रांजवळ हीं शस्त्रें असूं शकतील.

ती भीति खरी ठरली नाहीं. आज अशीं राष्ट्रें नऊ मानलीं जातात. याचें मोठें श्रेय १९६८ सालीं सह्यांसाठीं खुल्या झालेल्या व १९७० पासून अंमलांत आलेल्या अण्वस्त्रप्रसारबंदी कराराकडे जातें. तो करार म्हणजे एक सौदा होता. ज्यांच्याजवळ बाँब नव्हता त्यांनीं तो न करण्याचें व आपल्या भट्ट्या तपासूं देण्याचें कबूल केलें. ज्यांच्याजवळ होता त्यांनीं निःशस्त्रीकरणाच्या वाटाघाटी प्रामाणिकपणें करण्याचें वचन दिलें. पहिल्या पक्षांतील बहुतेकांनीं शब्द पाळला. दुसऱ्या पक्षाचें काय झालें ? शीतयुद्ध संपल्यावर साठे पुष्कळ घटले खरे. तरी जगांत अद्यापि सुमारे १२ हजार अण्वस्त्रें आहेत, आणि त्यांपैकीं दहांतील जवळजवळ नऊ एकट्या अमेरिका व रशिया यांच्या कोठारांत आहेत. ‘लोकां सांगे ब्रह्मज्ञान’ ही म्हण येथें कोणास आठवली तर त्यास दोष देतां येणार नाहीं.

बलाढ्य राष्ट्राच्या पक्षानें बोलण्यासारखें कांहींच नाहीं, असें मात्र नव्हे. दक्षिण कोरिया व तैवान यांचीं पावलें एके काळीं बाँबकडे वळत होतीं. अमेरिकेच्या दडपणामुळें तीं थांबलीं. पण त्या दोन्ही देशांचें रक्षण अमेरिकेच्या पाठबळावर अवलंबून होतें. ज्याच्या छत्राखालीं आपण उभे आहों त्याचा शब्द मोडवत नाहीं. शत्रुत्वाच्या नात्यांत हा उपाय लागू पडतो काय, हें पाहावयास इराककडे वळलें पाहिजे.

७ जून १९८१ रोजीं इस्रायलच्या विमानांनीं बगदादजवळील अणुभट्टी उद्ध्वस्त केली. सुरक्षा परिषदेनें त्या कृत्याचा निषेध केला. इराकनें उद्योग सोडला नाहीं; तो लपून व अधिक मोठ्या प्रमाणावर चालविला. १९९१ च्या युद्धानंतर तपासणीस आंत गेले तेव्हां हें सारें उघडकीस आलें. आधींच्या वर्षांत तपासणीसांच्याहि डोळ्यांत धूळ गेली होती, हें कबूल केलें पाहिजे. म्हणूनच १९९७ मध्यें त्यांचे अधिकार वाढविणारा पूरक मसुदा मंजूर झाला. परंतु १९९१ नंतर इराकचा तो पसारा मोडून काढला तो याच तपासणीसांनीं. पुढें ७ मार्च २००३ रोजीं आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे प्रमुख मोहम्मद अल् बरादेई यांनीं सुरक्षा परिषदेस सांगितलें कीं, इराकनें हा उद्योग पुन्हां सुरू केल्याचा पुरावा सांपडलेला नाहीं. दोन आठवड्यांच्या आंत अमेरिकेनें स्वारी केली. नंतर अमेरिकेच्याच शोधपथकानें २००४ मध्यें निर्वाळा दिला कीं, तो उद्योग १९९१ मध्येंच संपला होता. काठी होती, पण मोजमाप करणाऱ्याचें म्हणणें ऐकावयास कान नव्हते. आणि त्याची किंमत असंख्य निरपराध माणसांनीं दिली.

इराणची कथा याहून बोधप्रद आहे. २०१५ सालीं सहा मोठ्या राष्ट्रांशीं झालेल्या करारानें इराणनें युरेनियमचें प्रमाण शेंकडा ३·६७ च्या वर न नेण्याचें व साठा ३०० किलोच्या आंत ठेवण्याचें मान्य केलें. तपासणीस आंत होते, आणि अटी पाळल्या जात असल्याचे त्यांचे अहवाल येत होते. ८ मे २०१८ रोजीं अमेरिकेनें त्या करारांतून अंग काढून घेतलें. पुढें इराणनें बंधनें एकेक करून झुगारलीं, आणि २०२१ मध्यें प्रमाण शेंकडा ६० वर नेलें. जून २०२५ मध्यें आधीं इस्रायलनें व मग अमेरिकेनें तेथील कारखान्यांवर बाँब टाकले. पुढच्याच महिन्यांत तपासणीस देश सोडून गेले. इमारती पडल्या, पण आंत पाहणारे डोळेहि बाहेर गेले.

लहान राष्ट्रें यावरून काय शिकतात ? लिबियानें २००३ मध्यें आपला उद्योग सोडून दिला. २०११ मध्यें परकीय विमानांच्या माऱ्याखालीं तेथील राज्यकर्ता उलथून पडला. उत्तर कोरियानें बाँब केला, आणि त्याच्यावर कोणी स्वारी केली नाहीं. बळी तो कान पिळी असाच न्याय असेल, तर प्रत्येकास बळी व्हावेंसें वाटणारच.

आपल्या महाराष्ट्रासहि या चौकीदारीचा अनुभव आहे. तारापूरच्या वीजघरास इंधन पुरविण्याचा करार अमेरिकेनें १९६३ सालीं केला होता. १९७४ मधील पोखरणच्या स्फोटाशीं त्या वीजघराचा संबंध नव्हता. तेथें आंतरराष्ट्रीय तपासणी चालूच होती. तरीहि १९७८ मध्यें अमेरिकेनें नवा कायदा केला आणि पुरवठा अडून बसला. शेवटीं फ्रान्सनें इंधन देण्याचें पत्करलें. पुढें २००८ सालीं त्याच अमेरिकेनें पुढाकार घेऊन, प्रसारबंदी करारावर सही न केलेल्या भारतास अणुव्यापाराची खास सवलत मिळवून दिली. आम्हां भारतीयांस तिचा लाभ झाला, आणि मलाहि त्या वेळीं आनंदच वाटला. पण सत्य बोलावयाचें तर, जो नियम रागानें आवळतो आणि लोभानें सैल होतो त्यास कायदा म्हणतां येत नाहीं. मग तो सैल होण्यानें आपलें भलें का होईना!

मग दुसरा मार्ग आहे काय ? आहे. ब्राझील व अर्जेंटिना हे शेजारी एकमेकांविषयीं साशंक होते. १९९१ मध्यें त्यांनीं मिळून एक संस्था काढली. एकाचे तपासणीस दुसऱ्याचे कारखाने तपासतात, आणि आंतरराष्ट्रीय संस्थाहि तपासते. दक्षिण आफ्रिकेनें तर स्वतः केलेले सहा बाँब मोडून टाकले, १९९३ मध्यें तें जगास सांगितलें, आणि तपासणीसांकडून खात्री करून दिली. या तिन्ही देशांत कोणाचीं विमानें आलीं नाहींत.

सुरक्षा परिषदेंतील पांच कायम सभासद हे पांचहि बाँबवाले आहेत, आणि म्हणून पंचांचाच न्याय निर्मळ नाहीं, हा आक्षेप खरा आहे. कोणी उघड करार मोडला तर सक्तीची वेळ येऊं शकेल, हेंहि खरें. पण ती सक्ति तपासणीसाच्या पुराव्यावर व सर्वांच्या संमतीनें व्हावी. बलाढ्य राष्ट्रांनीं आपलें बळ त्या तपासणीच्या पाठीशीं उभें करावें, दिलेला शब्द पाळावा, आणि आपलीं कोठारें रिकामीं करीत जावें. जागल्याच्या स्वतःच्या घराची झडती घेण्याचा अधिकार गांवास असेल, तरच गांव निश्चिंत झोंपेल.