ढगात शिरलेला कान

१ जानेवारी १९७८ची रात्र. सांताक्रूझहून दुबईला निघालेलं एअर इंडियाचं ‘एम्परर अशोक’ हे जम्बो जेट उड्डाणानंतर दोन मिनिटांच्या आत वांद्र्यासमोरच्या समुद्रात कोसळलं. आतले सगळे, २१३ जण, गेले. चौकशीत दिसलं ते असं: वळण घेऊन विमान सरळ झालं, तरी कॅप्टनपुढचं कृत्रिम क्षितिज, म्हणजे विमानाचा कल दाखवणारं यंत्र, ते उजवीकडे कललेलंच दाखवत होतं. म्हणून त्यांनी विमान डावीकडे कलवलं आणि कलवतच राहिले. शेवटी कल नव्वद अंशांच्याही पुढे गेला.

एवढं मोठं धूड कुशीवर वळतंय, हे मुरलेल्या वैमानिकाला अंगाला कसं जाणवलं नाही?

कारण ते भरवशाने जाणवण्याची सोयच आपल्या शरीरात नाही. तोल सांभाळणाऱ्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका आंतरकर्णात असतात. डोकं फिरलं की त्यांतला द्रव मागे रेंगाळतो आणि तिथले सूक्ष्म केस वाकतात. पण फिरणं एकाच वेगाने चालू राहिलं, तर काही सेकंदांत द्रवही त्याच वेगाने फिरू लागतो, केस सरळ होतात आणि कान कळवतो, ‘स्थिर आहे.’ फुगडी थांबल्यावर घर गरगरतं ते याच द्रवामुळे. तेव्हा आपण थांबलेले असतो, तो नाही. फार सावकाश आलेला कल तर नलिकांना मुळातच कळत नाही. त्यात नीट घेतलेल्या वळणात सगळा भार बैठकीच्याच दिशेने येतो. कपातला चहाही हिंदकळत नाही.

जमिनीवर हे सगळं झाकलं जातं, कारण डोळे चूक लगेच सुधारतात. रात्रीच्या समुद्रावर डोळ्यांना काहीच मिळत नाही. मग उरतो एकटा कान, आणि त्याला ‘मला ठाऊक नाही’ म्हणता येत नाही. माझ्या मते खरा धोका इथे आहे: आंधळेपणा निदान जाणवतो, ही चूक खात्रीच्या रूपात येते.

अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठाने १९५४ साली यंत्रांवर उडण्याचं शिक्षण नसलेल्या २० वैमानिकांना बाहेरचं काही दिसणार नाही अशा अवस्थेत विमान चालवायला लावलं. सगळ्यांचा ताबा सुटला, सरासरी १७८ सेकंदांत.

म्हणून वैमानिकाला शिकवतात, ‘अंगाचं ऐकू नकोस, यंत्राचं ऐक.’ पण वांद्र्याच्या त्या रात्री यंत्रच चुकलं होतं! तरी सुटकेची वाट होती. सहवैमानिकापुढे दुसरं कृत्रिम क्षितिज होतं आणि राखीव असं तिसरंही. फ्लाइट इंजिनीअरने तिकडे लक्ष वेधायचा प्रयत्न केला, पण तोवर वेळ उरला नव्हता. एकाच यंत्रावर नजर न खिळवता तिन्ही ताडून पाहायची सवय वैमानिकांच्या अंगी बाणवतात, ती यासाठीच.

बंगळुरूला वायुदलाच्या इन्स्टिट्यूट ऑफ एरोस्पेस मेडिसिनमध्ये हा भ्रम वैमानिकांना मुद्दाम अनुभवायला लावतात. कारण समजलं म्हणून तो ओसरत नाही. कललेलं विमान झटकन सरळ केलं की कान सांगतो, आता उलट्या बाजूला कललोय. अशा वेळी पुढ्यातलं यंत्र अगदी समतल दाखवत असतानाही कित्येक वैमानिक खुर्चीत एका बाजूला झुकून बसतात, आणि तसेच झुकून विमान सरळ नेतात.