ओळीत उभा राहू नको बे

"मामा, हा निक फ्युरी नाहीये."

मे महिना, दुपारचे अडीच. या वेळी सोलापुरात घराबाहेर पडायचं नसतं, हे इथं वाढलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. कूलरमध्ये दोन बादल्या पाणी ओतलं होतं, खिडकीवर उन्हाला आडोसा म्हणून जुनी चादर टांगली होती, आणि मी आणि माझा भाचा टीव्हीसमोर फरशीवर बसलो होतो. पडद्यावर 'द पनिशर'. कॅपकॉम या जपानी कंपनीनं १९९३ साली व्हिडिओ गेम पार्लरसाठी काढलेला हाणामारीचा गेम. २०२४ मध्ये मार्व्हलच्या जुन्या गेमांच्या एका संचात तो पुन्हा विकायला आला आणि मी लगेच घेतला. भाच्याच्या वाट्याला निक फ्युरी आला होता. गोरा, डोळ्यावर पट्टी. भाच्याला सिनेमातला सॅम्युएल जॅक्सन तेवढा माहीत. कॉमिकातला मूळ फ्युरी असाच होता, हे मी सांगेपर्यंत त्याचा पहिला जीव गेलेला.

दुसरा त्याहून लवकर गेला. तिसरा जाताना मी तोंड घातलं.

"ओळीत उभा राहू नको बे."

"कुठली ओळ?"

गेम आडवा दिसतो. आपला माणूस डावीकडून उजवीकडं चालतो, गुंड येतात, त्यांना मारायचं. बघणाऱ्याला एवढंच कळतं. पण या गेममधल्या जमिनीला खोली आहे. स्टिक वर केली की आपण आत, मागच्या भिंतीकडं सरकतो. खाली केली की पुढं येतो. गुंड आपल्याला चिकटून उभा दिसला तरी तो दोन बोटं आतल्या अंगाला असेल तर त्याचा गुद्दा हवेत जातो. आपलाही. गुद्दा लागायचा तर दोघांचे पाय एका ओळीत यायला लागतात. नवशिका म्हणूनच मार खातो, तो हात बघत बसतो. मुरलेला खेळाडू पाय बघतो.

आणि समोरचा ओळ बदलत असतो तेव्हा तो चालत असतो. चालणारा मारत नाही. सगळी मेख इथं आहे. त्याच्या ओळीच्या जरा खाली थांबायचं, त्याला आपल्याकडं येऊ द्यायचं आणि तो पाय टेकवतो त्या क्षणी बटण. आपण त्याच्या ओळीत शिरलो तर तो हाणतो, तो आपल्या ओळीत शिरला तर आपण. इतकं साधं आहे, आणि हाताला कळायला मला एक अख्खी उन्हाळ्याची सुट्टी लागली होती.

दुसरी गोष्ट पाठीची. हे गुंड कधी एका बाजूनं येत नाहीत. दोघं समोर गुंतवून ठेवतात, तिसरा वळसा घालून मागं जातो. तेव्हा पडद्याच्या एका कडेला जाऊन सगळ्यांना एका बाजूला घ्यायचं. मग कुठलंही बटण न दाबता एकाच्या अंगावर चालत जायचं, की आपला माणूस त्याची कॉलर धरतो. धरलेल्याला बाकीच्यांवर फेकायचं. फेकताना सहसा आपल्याला मार बसत नाही, आणि पडलेले चारजण उठेपर्यंत श्वास घ्यायला वेळ मिळतो. मी भाच्याला म्हटलं, "एकेकाला मारत बसू नको. एकाला उचल आणि त्यानं बाकीच्यांना झोड."

हे ज्ञान माझं नव्हे. नव्वदच्या दशकात कन्ना चौकाच्या मागं एका बोळात चार मशिनींचं पार्लर होतं. दाराला जाड पडदा; कारण सांगितलं जायचं मशिनीच्या काचेवर ऊन पडू नये म्हणून, खरं कारण रस्त्यानं जाणाऱ्या चुलत्या-मामांना आत कोण आहे ते दिसू नये. भिंतीपलीकडं यंत्रमागाचा कारखाना. त्याची खटखट इतकी अखंड की गेमचा आवाज कान देऊन ऐकावा लागे. रुपयाला एक कॉइन. दोन नंबरच्या मशिनीच्या स्टिकचा गोळा कधीच निघून गेला होता आणि उरलेल्या दांड्याला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली. तासभर खेळलं की करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटामध्ये फोड यायचा. घरी विचारलं तर पतंगाचा मांजा म्हणून सांगायचं, उन्हाळ्यातसुद्धा.

तिथं एक मोठा पोरगा यायचा. घरी तेलुगू, बाहेर दखनी, आमच्याशी मराठी. त्या पलीकडच्याच कारखान्यात माग चालवायचा आणि जेवणाच्या सुट्टीत डबा संपवून इकडं. एका रुपयात तो जेवढं जायचा तेवढं आम्ही पाच रुपयांत जात नव्हतो. त्यानंच मला पहिल्यांदा कोपर मारून बाजूला केलं आणि म्हणाला, "लाइन में नक्को ठैर बे." तो खेळताना मी त्याचे डोळे बघायचो. ते गुंडांवर नसत, गुंडांच्या मधल्या मोकळ्या जागेवर असत. चार मागांमध्ये फिरणारा माणूसही असाच बघतो म्हणे. चालतो त्याकडं लक्ष नाही, कुठला थांबेल त्याकडं कान.

ही ओळीची भानगड आली कुठून, हे मला फार उशिरा समजलं. १९८४ च्या 'कुंग-फू मास्टर'मध्ये नायक एका रेषेवर चालतो. आत-बाहेर सरकायची सोयच नाही. १९८६ मध्ये टेक्नोस जपानच्या योशिहिसा किशिमोतो यांनी शाळकरी दांडगटांवरचा 'कुनिओ-कुन' काढला, बाहेरच्या देशांत तो 'रेनेगेड' म्हणून गेला, आणि त्यात जमिनीला खोली आली. पुढच्याच वर्षी त्यांच्या 'डबल ड्रॅगन'मध्ये दोघांना बरोबर खेळता यायला लागलं. १९८९ मध्ये कॅपकॉमचा 'फायनल फाइट'. नंतरचे सगळे याच घरातले, त्यात सुपरहिरो वेगळे कपडे घालून आले इतकंच. पनिशरकडं तर अचाट शक्तीही नाही. १९७४ मध्ये 'स्पायडर-मॅन'च्या एका अंकात तो पहिल्यांदा आला; ना उडता येत, ना जाळं फेकता येत, छातीवर कवटी आणि हातात बंदूक. आम्ही त्याला कवटीवालाच म्हणायचो. गेममध्येही बंदुकीचा एक न्याय आहे, तो मला आजही आवडतो. समोरच्यांनी बंदुका काढल्या तरच हा काढतो, आणि ती वेळ सरली की पुन्हा हातघाईवर येतो.

पण खरं सांगायचं तर पार्लरात गर्दी कवटीवाल्याच्या मशिनीवर नसायची. गर्दी असायची मुस्तफावर. त्या गेमचं नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स', हे आमच्यातल्या एकालाही माहीत नव्हतं. मार्क शुल्ट्झ यांच्या 'झेनोझोइक टेल्स' या कॉमिकवरून कॅपकॉमनं तो केला. कॉमिकात नायक जॅक, मुस्तफा त्याचा मेकॅनिक दोस्त. आमच्याकडं जॅकला विचारतो कोण! पिवळी टोपी घालून धावत येऊन लाथ घालणारा मुस्तफा सगळ्यांना हवा असायचा. पद्मशाली पोरं, लिंगायतांची, मराठ्यांची, बेगम पेठेतून येणारी, सगळी "मुस्तफा मेरा" म्हणून मशिनीवर झेपावायची आणि उशिरा पोचेल त्याला मेस नावाच्या लठ्ठ्यावर समाधान मानावं लागे. १९९६ मध्ये रहमानचं 'मुस्तफा मुस्तफा' आलं. शहराच्या पूर्व भागातल्या टपऱ्यांवर ते 'प्रेम देशम'मधून तेलुगूत वाजायचं, आणि बरेच दिवस माझी समजूत होती की गाणं गेमवरूनच केलंय.

हा मुस्तफा आज विकत मिळत नाही. मोटारीचं नाव एकाचं, कॉमिक दुसऱ्याचं, गेम तिसऱ्याचा. घरच्या कन्सोलवर तो कधी आलाच नाही. २०१८ मध्ये कॅपकॉमनं आपल्या सात जुन्या हाणामाऱ्या एका गठ्ठ्यात विकल्या, त्यातही नाही. त्याचा मूळ बोर्ड तर मरायलाच केलेला होता. मुस्तफा आणि पनिशर, दोन्हींच्या अस्सल बोर्डांत आवाजाचा प्रोग्रॅम वाचायची किल्ली एका छोट्या बॅटरीच्या जिवावर जपलेली असते. बॅटरी संपली की किल्ली पुसली जाते आणि बोर्ड गप्प. नकली बोर्डांना ही खोड नव्हती. आमच्या पार्लरातला कुठला होता कोण जाणे, आवाज मात्र फाटका होता.

माझे काका जकार्डच्या मागावर चादरी काढायचे. मोर काढायचा तर आधी चौकटींच्या कागदावर एकेक चौकट भरायची, मग त्याबरहुकूम पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडायची. भोक असेल तिथं दोरा उचलला जातो, नसेल तिथं नाही. एका दुपारी मला शोधत ते पार्लरात आले. माझा कान धरायच्या आधी ते मशिनीच्या काचेपाशी वाकले, नाक लावून बघितलं आणि म्हणाले, "चौकटीच आहेत की." मग कान धरला. 'पनिशर'चं चित्र म्हणजे ३८४ आडव्या आणि २२४ उभ्या ठिपक्यांचा कागद. पार्लरच्या काचेवर ते ठिपके एकमेकांत विरघळायचे; माझ्या टीव्हीवर ते ज्वारीच्या दाण्याएवढे सुटे दिसतात, आणि कवटीवाल्याचा जबडा खिडकीतल्या चादरीवरच्या मोराइतकाच पायऱ्यापायऱ्यांचा आहे.

त्या टीव्हीनं पहिल्या दिवशी मला रडवलं होतं. गुद्दा दाबावा आणि तो जरा मागून यावा. वाटलं, झालं, बोटं म्हातारी झाली. भाच्यानं सेटिंगमध्ये जाऊन 'गेम मोड' चालू केला तसा गुद्दा वेळेवर यायला लागला. टीव्ही चित्र सुंदर करण्यात वेळ घालवत होता. बोटं म्हातारी झालीत हे खरंच, पण थोडीच.

खरी पंचाईत वेगळी होती. या संचात मेलं की बटण दाबायचं, पुन्हा जिवंत. कितीही वेळा. भाच्याला कळून चुकलं होतं की जागा धरायची काही गरजच नाही. मेला, उठला, दोन्ही बटणं एकदम दाबली. दोन्ही बटणं दाबली की आपला माणूस भोवतीच्या सगळ्यांना झटकून टाकतो, पण त्यापायी आपल्या जिवाची पट्टी थोडी कापली जाते. अडचणीत एकदा काढायची उसनवारी ती. तो तिच्यावरच जगत होता. मी उठलो, स्वयंपाकघरातून स्टीलची वाटी आणली, तिच्यात रुपयाची दहा नाणी टाकली आणि दोघांच्या मध्ये ठेवली. मेल्यावर उठायचं तर एक नाणं चटणीच्या रिकाम्या बरणीत. वाटी संपली की टीव्ही बंद.

"हे काय मामा! फुकट आहे ना?"

"नाही."

पुढची दहा मिनिटं तो बोलला नाही. पहिल्या नाण्याला त्यानं कुरकुर केली. दुसरं बरणीत पडल्याचा आवाज झाला तसा तो भिंतीकडं सरकला. पाठ कडेला. तीन गुंड समोर, एक पोलादी सांगाड्याचा. त्यानं बटणं सोडली, नुसती स्टिक खाली केली. सांगाडा त्याच्यामागं खाली आला, पाय टेकवला, आणि फ्युरीनं त्याला धरला. फेकला. पडद्यावर कॉमिकातल्यासारखी मोठी इंग्रजी अक्षरं फुटली आणि सगळे आडवे. त्यानं माझ्याकडं बघितलं नाही. मीही काही बोललो नाही. त्या मोठ्या पोरानंही मला कधी शाबासकी दिली नव्हती, कोपर मारणं थांबवलं होतं.

सहा टप्प्यांचा गेम. चौथ्यापर्यंत वाटीत पाच नाणी होती, सहाव्यात दोन. शेवटचा खलनायक किंगपिन, त्याच्या इमारतीत शिरलो तेव्हा माझी पट्टी काडीएवढी उरलेली. पार्लरात एक कायदा होता: पिंप फुटून खायला काही निघालं की ज्याची पट्टी कमी त्याचं. यावरून मारामाऱ्या झाल्या आहेत, खऱ्या. हा कायदा मी भाच्याला सकाळीच सांगितला होता, दोनदा. पिंप मीच फोडलं. ताट निघालं. मी ताटाच्या ओळीत यायला वर सरकतोय तोवर निक फ्युरी पाऊण भरल्या पट्टीनिशी तिथं वाकला आणि त्यानं ते उचललं.

"अरे!"

"तुम्ही ओळीत नव्हता मामा," तो म्हणाला आणि पुढं चालायला लागला.