तार रेडिओ-लहरी कशी घेते?

घराच्या छपरावर बांधलेली एरियलची तार आमच्या वडील मंडळींच्या चांगल्या परिचयाची होती. ही तार आकाशांतून येणाऱ्या रेडिओ-लहरी पकडते, असें आपण सहज म्हणतों. परंतु हें पकडणें म्हणजे काय, हें वाचकांस थोडक्यांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

लहर तारेवर आली म्हणजे तारेंतील इलेक्ट्रॉन तिच्या तालावर मागें-पुढें डोलूं लागतात. हाच विजेचा प्रवाह. त्याच्या शक्तीचे तीन वांटे होतात. पहिला यंत्राकडे जातो व आपल्या कानीं पडतो. दुसरा चोहोंकडे विखुरतो. कारण डोलणारा प्रवाह स्वतःच नवी लहर उत्पन्न करतो. तिसरा वांटा धातूच्या विरोधामुळें उष्णतेंत जातो. धातु पूर्ण वाहक असता तर तिसरा वांटा उरलाच नसता. पण तेव्हांही, अर्ध्या लहरीएवढ्या लांबीच्या तारेस यंत्र उत्तम जुळविलें तरी, यंत्रास जितकी शक्ति मिळते तितकीच विखुरली जाते. विखुरल्यावांचून घेणें नाहीं, असा हा नियम आहे.

या विखुरण्याचाच उपयोग पुणें जिल्ह्यांत नारायणगांवाजवळील खोडद येथें केलेला आहे. प्रा. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखालीं उभारलेल्या तेथील रेडिओ-दुर्बिणींत प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० थाळ्या आहेत. थाळीचा पृष्ठभाग पत्र्याचा नसून न गंजणाऱ्या पोलादाच्या बारीक तारांची जाळी आहे. आमच्या सोलापुरास उभ्या-आडव्या धाग्यांची वीण परिचित आहे. तशीच ही वीण समजावी. प्रत्येक तार लहर विखुरते. पण थाळीच्या आकारामुळें त्या साऱ्या लहरी एका बिंदूवर एकत्र येतात, आणि तेथें बसविलेला लहान अँटेना त्या घेतो.

हें पोलाद तांब्याच्या सुमारें ४० पट विरोध करतें. मग तें कां निवडलें? जाळींतून वारा निघून जातो, त्यामुळें सांगाडा हलका व स्वस्त होतो. आणि बारीक तार मजबूत राहते. उष्णतेंत जाणारी शक्ति तर अत्यल्पच असते. त्याहून मोठी गळती जाळीच्या छिद्रांतून होते. परंतु छिद्रें एक ते दोन सेंटिमीटरचीं आहेत. लहर जितकी लांब, तितकी ती गळती कमी.

२०२३ सालीं असें जाहीर झालें कीं, सुमारें ८८० कोटी वर्षांपूर्वीं एका आकाशगंगेंतील हायड्रोजन वायूपासून निघालेली लहर या दुर्बिणीनें टिपली. निघतांना ती २१ सेंटिमीटर लांब होती. विश्वाच्या प्रसरणानें ताणली जाऊन येथें पोहोंचेपर्यंत सुमारें ४८ सेंटिमीटर झाली. वाटेंतील दुसऱ्या आकाशगंगेनें भिंगाप्रमाणें तिला तेजस्वी केलें, म्हणूनच ती कळली.

इतकी क्षीण लहर अपूर्ण धातूच्या सच्छिद्र जाळीनें गोळा केली. दोष कोठें व किती आहे हें मोजून कामास लागणें, हीच शास्त्राची रीत होय. विद्यार्थ्यांनीं ती अभ्यासांतही अवश्य लक्षांत ठेवावी.