इसबगोल पोटात गेल्यावर

अकोटच्या कुठल्याही मेडिकलवर इसबगोलाचा भुसा मिळतो. आतड्यातले जिवाणू त्याला फारसे आंबवत नाहीत. तो पाणी धरून फुगतो, त्यानेच मल मऊ होतो. मग जिवाणूंवर परिणाम होतो का? होतो, आणि महत्त्वाचं म्हणजे बद्धकोष्ठ असलेल्यांत जास्त. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात रुग्णांनी सात दिवस इसबगोल घेतला. मलातलं पाणी वाढलं, सोबत लॅक्नोस्पिरा आणि ब्युटिरेट हे उपयोगी आम्ल बनवणारे फिकॅलिबॅक्टेरियम हे जिवाणू वाढले. निरोगी लोकांत बदल किरकोळ होता.

इन्युलिन या दुसऱ्या तंतूचं वेगळं आहे: ते जिवाणूंचं थेट खाद्य. त्याने बिफिडोबॅक्टेरिया वाढतात, पण काहींना गॅसही फार होतो. कांदा-लसणात ते असतंच, म्हणून भाकरीसोबतचा कच्चा कांदा मला डब्यातल्या इन्युलिन पावडरीइतकाच मोलाचा वाटतो.

इसबगोल भरपूर पाण्यासोबतच घ्या. कोरडा भुसा घशात अडकू शकतो. अकोल्याच्या उन्हाळ्यात तर पाण्यात हयगय नकोच. शौचातून रक्त जात असेल किंवा वजन उगाच घटत असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवा.