कोऱ्या कागदाचा उजेड : मार्करने जास्वंद रंगवताना

अल्कोहोल मार्करची शाई पारदर्शक असते. तिच्यात पांढरा रंग मिसळता येत नाही आणि एकदा गडद झालेला भाग तिने पुन्हा उजळ करता येत नाही. जलरंगात ओल्या कुंचल्याने थोडाफार रंग उचलता येतो, तैलरंगात गडद थरावर उजळ थर चढवता येतो; मार्करच्या चित्रात मात्र दिसणारा जवळजवळ सगळा उजेड कोऱ्या कागदाचा असतो. त्यामुळे कोणत्या पाकळीच्या कोणत्या वळणावर प्रकाश पडला आहे, हे चित्रकाराला मार्करचे टोपण काढण्यापूर्वीच ठरवावे लागते, आणि ते ठरवण्यासाठी फुलाची रचना नीट समजून घेण्यावाचून गत्यंतर नसते. वास्तवदर्शी फूल काढू पाहणारे बहुतेक नवशिके रंगांच्या संचापासून सुरुवात करतात. खरे तर सुरुवात फुलापासून व्हायला हवी. महाराष्ट्रात गणपतीच्या पूजेमुळे घरोघरी परिचित असलेली लाल जास्वंद ही या अभ्यासासाठी फार चांगली निवड आहे, कारण तिची रचना मोठी, स्पष्ट आणि तरीही फसवी आहे.

फुलाकडे वळण्यापूर्वी साधनाचे स्वरूप पाहणे आवश्यक आहे. मार्करच्या नळीत कृत्रिम तंतूंचा एक शाई शोषून घेतलेला बोळा असतो आणि त्यातून शाई केशाकर्षणाने, म्हणजे दिव्याच्या वातीत तेल चढते त्याच तत्त्वाने, टोकापर्यंत म्हणजे निबपर्यंत येते. शाळकरी मुलांच्या दप्तरातील स्केचपेनही याच तत्त्वावर चालतो, परंतु त्याची शाई पाण्यावर आधारलेली असल्यामुळे कागदाचा पृष्ठभाग फुगतो, दोन रेघा जिथे एकमेकींवर येतात तिथे गडद पट्टा उमटतो आणि फार घासल्यास कागदाचे कण निघू लागतात. अल्कोहोल मार्करमध्ये रंजक, म्हणजे साखर पाण्यात विरघळावी तसा द्रावात पूर्णपणे विरघळणारा रंग, अल्कोहोलमध्ये विरघळवलेला असतो. अल्कोहोल कागदाचे तंतू न फुगवता त्यात मुरते आणि काही क्षणांत उडून जाते. त्यावर त्याच शाईचा दुसरा हात दिला की आधीचा रंजक पुन्हा विरघळतो आणि दोन्ही थर एकजीव होतात. दोन छटांमधली सीमारेषा नाहीशी करण्याची ‘ब्लेंडिंग’ म्हणून ओळखली जाणारी क्रिया याच गुणावर उभी आहे. पोस्का या ब्रँडसारख्या ‘पेंट मार्कर’मध्ये रंजकाऐवजी न विरघळणारे रंगद्रव्याचे कण असतात, त्यामुळे तो रंग अपारदर्शक होऊन खालचा थर झाकतो. त्याची पद्धतच निराळी असल्याने येथे त्याचा विचार केलेला नाही.

अमेरिकेत सिडनी रोझेन्थाल यांनी १९५३ मध्ये ‘मॅजिक मार्कर’ बाजारात आणला, तर जपानमध्ये युकिओ होरिए यांनी १९६२ मध्ये तंतूच्या टोकाचा पेन तयार केला, आणि पुढे वास्तुरचनाकार, मोटारींचे आराखडे करणारे व वस्त्रांचे अभिकल्पक मार्कर झटपट रंगकामासाठी वापरू लागले. १९८७ मध्ये जपानमध्ये आलेल्या कॉपिक मार्करचे नाव ‘कॉपी’ या शब्दावरून पडले, कारण त्या काळी कलाकार रेखाचित्राची झेरॉक्स काढून तिच्यावर रंग भरत असत आणि या मार्करची शाई झेरॉक्सची काळी भुकटी विरघळवत नसे. या मार्करच्या ३५८ छटांची क्रमांकपद्धती फुले रंगवणाऱ्यांनी समजून घेण्याजोगी आहे. क्रमांकातील इंग्रजी अक्षर रंगाचे कुळ सांगते, पहिला अंक त्या कुळातील गट सांगतो (अंक जितका मोठा, तितका रंग करडेपणाकडे झुकलेला) आणि शेवटचा अंक गडदपणा सांगतो. म्हणजे आर २२, आर २४, आर २७ आणि आर २९ हे एकाच तांबड्या गटातील फिकटापासून गडदापर्यंतचे टप्पे होत. अशा एका गटातील तीन टप्पे घेतले की ते एकमेकांत सहज मिसळतात. दुसऱ्या, स्वस्त संचांतही हेच तत्त्व लावता येते. फक्त प्रत्येक मार्करचा नमुना वापरायच्या त्याच कागदावर उमटवून, वाळल्यावर त्याचा क्रम स्वतः लावावा लागतो, कारण टोपणावरचा रंग आणि कागदावरचा रंग यांत पुष्कळ अंतर असते.

फुलाचे अचूक चित्र काढण्याची परंपरा महाराष्ट्राला नवी नाही. पुण्याजवळच्या दापोडी येथे १८२८ मध्ये मुंबई इलाख्याचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या काळात वनस्पतिउद्यान सुरू झाले, आणि तेथील अधीक्षक अलेक्झांडर गिब्सन यांनी १८४७ ते १८५० या काळात उद्यानातील वनस्पतींची जलरंगातील चित्रे एका पोर्तुगीज-भारतीय चित्रकाराकडून करवून घेतली. आज ही चित्रे एडिंबरा येथील रॉयल बोटॅनिक गार्डनच्या संग्रहात ‘दापुरी ड्रॉइंग्ज’ या नावाने जपलेली आहेत. गिब्सन यांचे नाव इतिहासात राहिले, चित्रकाराचे मात्र कोणी नोंदले नाही, ही खंत त्या चित्रांविषयी लिहिताना दडवता येत नाही. वनस्पतिचित्रणाच्या या शिस्तीत पाकळ्यांची संख्या, त्यांची एकमेकींवरची मांडणी, देठाचा कोन आणि पानाची शिराव्यवस्था यांत चूक चालत नाही. मार्कर हातात घेणाऱ्यालाही हीच शिस्त उपयोगी पडते, कारण चुकीच्या रचनेवर कितीही सफाईदार ब्लेंडिंग केले तरी फूल कागदी वाटते.

जास्वंदीच्या फुलाला पाच पाकळ्या असतात आणि प्रत्येक पाकळीची एक कड शेजारच्या पाकळीच्या वर, तर दुसरी कड दुसऱ्या शेजारणीच्या खाली असते. समोरून पाहिल्यास फूल भिरभिऱ्यासारखे एकाच दिशेने फिरत असल्याचा भास होतो. कळीत या पाकळ्या पिळवटलेल्या असतात आणि उमलल्यावरही तो पीळ तळाशी शिल्लक राहतो. बहुसंख्य चित्रांत पाचही पाकळ्या वर्तुळात सुट्या सुट्या लावलेल्या दिसतात, आणि तेथेच चित्र फसते. फुलाच्या मधोमध निघणारा लांब दांडा म्हणजे असंख्य पुंकेसरांचे तंतू एकमेकांना चिकटून बनलेली नळी होय; तिच्या वरच्या भागातून बारीक तंतू बाहेर फुटतात आणि त्यांच्या टोकांवर पिवळे परागकोश असतात. या नळीच्या आतून स्त्रीकेसराचा तंतू वर जातो आणि टोकाला त्याचे पाच फाटे होऊन प्रत्येकावर मखमली लाल बोंड, म्हणजे परागकण स्वीकारणारी कुक्षी, दिसते. फुलाच्या मागे हिरवा संवर्त आणि त्याच्याही खाली अरुंद हिरव्या छदांचे आणखी एक वर्तुळ असते, ज्याला अपिसंवर्त म्हणतात. बाजूने दिसणारे फूल काढताना ते वगळले तर जाणकाराच्या नजरेतून सुटत नाही.

रेखन फिकट पेन्सिलीने करावे आणि रंग भरण्यापूर्वी मऊ खोडरबर टेकवून रेषा जेमतेम दिसेल इतकी पुसट करावी, कारण शाईखाली गेलेले शिसे पुढे खोडता येत नाही आणि लाल रंगात मळकटपणा आणते. कार्ट्रिज पेपर जलरंगाला चांगला असला तरी मार्करची शाई त्यात पसरते आणि मार्कर लवकर रिकामा होतो; गुळगुळीत आयव्हरी कार्ड किंवा मागील बाजूस अस्तर असलेला खास मार्करचा कागद घ्यावा. शाई रेषेपलीकडे थोडी पसरतेच, म्हणून कडेपासून केसभर आत थांबायचे आणि उरलेले अंतर शाईलाच भरू द्यायचे, ही सवय हाताला आरंभीच लागली पाहिजे.

पाकळी रंगवण्याचे काम तीन छटांत होते आणि ते एका वेळी एकाच पाकळीवर करावे, कारण शाई ओली असेपर्यंतच मिसळते. प्रकाश डावीकडून वरून येत असेल तर पाकळीचा डावीकडे वळलेला फुगवटा आणि कडेची दुमड हे भाग कोरे किंवा अगदी फिकट ठेवून उरलेल्या पाकळीवर आर २२ सारखी फिकट छटा पसरावी. ती ओली असतानाच आर २७ तळाकडून बाहेरच्या दिशेने ओढावा. ब्रशसारख्या लवचिक निबवर आरंभी दाब देऊन शेवटी हात उचलला की रेघ जाड सुरू होऊन सुईसारखी संपते, आणि जास्वंदीच्या शिरा तळातून पंख्यासारख्या फाकत असल्याने या रेघांची दिशा शिरांचीच असावी लागते. त्यानंतर आर २९ फक्त तळाशी, शेजारच्या पाकळीची सावली पडते त्या कडेला आणि खोल सुरकुत्यांत वापरून, पुन्हा मधल्या छटेने त्याची सीमा आणि फिकट छटेने मधलीची सीमा विरघळवावी. गडदाकडून फिकटाकडे परत येण्याचा हा उलटा फेरा पुष्कळजण गाळतात. पाकळी सपाट पट्ट्यांची दिसते ती त्यामुळेच. फेरे वाढवण्यालाही मर्यादा आहे, कारण कागद शाईने तृप्त झाला की रंग गडद होणे थांबते आणि तो कडेबाहेर झिरपू लागतो. पाकळीच्या कडा जास्वंदीत किंचित झालरदार असतात. प्रत्येक लाटेला एक उजळ माथा आणि एक सावलीची बाजू देऊन त्या लाटा दाखवल्या की पाकळी तलम वाटते, आणि तेथे बाह्यरेषेची गरजच उरत नाही.

सर्वांत खोल भागासाठी काळा मार्कर घेण्याचा मोह टाळायला हवा. काळ्याने लाल रंग मरतो. आर ५९ सारखा गर्द किरमिजी आणि त्याखाली आधीच दिलेला निळसर जांभळ्याचा पातळ थर एवढ्याने फुलाच्या घशातली खोली साधते. रंग पारदर्शक असल्यामुळे खालचा थर वरच्यातून डोकावतो, म्हणून सावली आधी आणि फुलाचा रंग नंतर, असा क्रमही अनेक चित्रकार ठेवतात.

पुंकेसरनळी हा चित्रातील सर्वांत नाजूक भाग असतो. ती पाकळ्यांपुढे निघालेली असल्यामुळे तिची एक बाजू कोरी ठेवावी आणि तिची पाकळीवर पडणारी सावली वाकडी, पाकळीच्या उताराप्रमाणे वळलेली काढावी; सरळ सावली काढली की नळी पाकळीला चिकटल्यासारखी दिसते. पिवळे परागकोश पारदर्शक शाईने लाल पार्श्वभूमीवर उमटवता येत नाहीत, त्यामुळे त्यांच्यासाठी ठिपक्यांएवढ्या जागा आधीच राखाव्या लागतात. राहून गेलेल्या जागी पांढऱ्या जेल पेनने बारीक ठिपका देऊन, तो पूर्ण वाळल्यावर हलक्या हाताने पिवळी छटा लावता येते. परंतु हे ठिपके सगळे सारखे आणि सारख्या अंतरावर दिले, तर वास्तवाचा आभास तेथेच संपतो.

पाने रंगवताना नेमकी उलट अडचण येते. जास्वंदीचे पान चकचकीत असते, तळापासून त्याच्या मुख्य शिरा फाकतात आणि कडेचे दाते टोकाकडे ठळक होतात. चकाकी म्हणजे पानात उमटलेले आकाश. म्हणून ती पिवळसर नसून कोरी किंवा अगदी फिकट निळी असते आणि तिची कड पाकळीवरील उजेडासारखी विरघळलेली नसून जवळजवळ धारदार असते. संचातला सर्वांत भडक हिरवा उचलण्यापेक्षा करड्याकडे झुकलेला शेवाळी हिरवा घेतल्यास पान मागे राहते आणि लाल फूल पुढे येते.

पांढऱ्या फुलांचे गणित वेगळे आहे. मोगरा किंवा अनंत रंगवताना फुलावर फारसा रंग लागतच नाही; मागच्या पानांचा गडद हिरवा फुलाची कड कोरून काढतो आणि पाकळ्यांच्या सांध्यांत फिकट निळसर करडी, तर देठाशी हिरवट छटा पुरते. झेंडूसारख्या पिवळ्या फुलाला मात्र करडी सावली दिली की ते मातकट होते. तेथे पिवळ्याची सावली केशरीत आणि केशरीची तांबूस तपकिरीत शोधावी लागते.

या साधनाची एक गंभीर मर्यादा वाचकांपासून लपवणे योग्य होणार नाही. रंजक प्रकाशाने विटतात, त्यामुळे अल्कोहोल मार्करचे चित्र उन्हाच्या भिंतीवर टांगले तर काही काळातच फिकट पडते. दापोडीची जलरंगातील चित्रे पावणेदोनशे वर्षे टिकली तसे भाग्य त्याला लाभण्याची शक्यता फार कमी. चित्र पूर्ण होताच त्याची उत्तम स्कॅन प्रत करून मूळ कागद आम्लविरहित पाकिटात, अंधारात ठेवणे हाच त्यावर उपाय आहे.

जास्वंदीचे फूल बहुधा एकच दिवस टिकते, आणि चित्राचा क्रमही त्यामुळे ठरतो. सकाळी फूल ताजे असताना प्रथम रेखन आणि प्रकाशाच्या जागा नोंदवून घ्याव्यात, मग प्रत्येक छटा तुकड्यावर उमटवून फुलाशेजारी धरून जुळवावी आणि पाकळ्यांचे काम दुपारपर्यंत आटोपावे. पाने नंतर सावकाश होऊ शकतात. संध्याकाळी पाकळ्या पुन्हा कळीसारख्या पिळवटून मिटतात, त्यांचा लाल रंग निळसर, काळपट होतो आणि दिवसभर पाकळ्यांमागे दडलेली अपिसंवर्ताची हिरवी छदे आता पूर्ण दिसू लागतात. त्याच कागदाच्या कोपऱ्यात, आर ५९ शेजारी जांभळ्याची एक छटा ठेवून, हे मिटलेले फूलही काढावे.